जीर्णोद्धार

गेल्या उन्हाळ्यांत आम्ही अमेरिकेंत, मिनेसोटास, पुतण्याच्या घरीं होतों. त्यानें मासे धरण्याची एक जुनी, 14 फुटी अॅल्युमिनियमची होडी घेतली होती. (वाचकांनीं दचकूं नये, मुलें गळास लागलेला मासा पुन्हां सरोवरांत सोडितात!) महायुद्ध संपतांच, 1945 सालीं, विमानें बांधणाऱ्या ग्रमन कंपनीनें ह्या धातूच्या नावा काढल्या, तेव्हांपासून त्या तिकडे रुळल्या आहेत.

एके रविवारीं मुलें घोटाभर पाण्यांत पाय बुडवून परत आलीं. पुतण्यानें तळाची लांकडी जमीन उचकटली, तों खालीं पांढरी भुकटी व पत्र्यास मोहरीएवढीं छिद्रें! पूर्वीच्या मालकानें, कुजूं नये म्हणून, ताम्रक्षार मुरविलेलें लांकूड घातलें होतें. तांबें, अॅल्युमिनियम व ओल एकत्र आलीं कीं अॅल्युमिनियम झिजतें; शाळेंतील विद्युत्घटाचेंच हें तत्त्व.

छिद्रांवर त्याच धातूचीं ठिगळें बसविलीं. मग होडींत पाणी भरून, बाहेर थेंब दिसला तेथें खडूची खूण केली व सैल रिबिटें ठोकलीं.

पुढें पुतण्यास आंत उंच ओटा बांधण्याची हौस आली. आम्ही म्हटलें, "बाबा, माणूस जितका उंच उभा, तितका गुरुत्वमध्य वर, लहान होडी कलंडावयास वेळ लागत नाहीं." त्यानें दोन दिवस अबोला धरला, पण शेवटीं जमीन खालींच ठेविली, तीहि साध्या लांकडाची, रंग देऊन.

जीर्णोद्धार करणाऱ्यानें वस्तूचा स्वभाव आधीं ओळखावा, हातोडा मागाहून उचलावा. आमच्या वयाच्या माणसांसहि हाच न्याय लावावा, ही घरोघरच्या तरुणांस विनंती.