विकतचा किल्ला

वसुबारस चार दिवसांवर आली, कीं पुण्याच्या रस्त्यांच्या कडेला प्लास्टरचे किल्ले मांडले जातात. तट, बुरूज, दरवाजा, पायऱ्या, सारें जागच्या जागीं. वर हिरवा-तपकिरी रंग. आणि मोटारीच्या मागच्या आसनावर मावेल इतकें माफक आकारमान. वडील पैसे मोजतात, चिरंजीव उभे राहून पाहतात, आणि अर्ध्या घटकेंत एका कुटुंबाची दुर्गरचना संपते. विक्रेत्याचा यांत कांहीं दोष नाहीं. जें मागितलें जातें तेंच तो पोटासाठीं विकतो. आमचा वाद मागणाऱ्याशीं आहे. ज्या खेळाचें सारें मोल तो करण्यांत आहे, तो खेळ तयार विकत आणणें म्हणजे मुलाचें जेवण आपण जेवून त्याला ढेकर द्यावयास सांगणें होय.

दिवाळींतला किल्ला म्हणजे काय, हें ज्यांच्या नखांत ती माती गेली आहे त्यांना सांगावयास नको. सहामाही परीक्षा संपली, कीं पोरें वाड्याच्या कोपऱ्यांत जमत. फुटक्या विटा, तुटकीं कौलें आणि दगडगोटे यांचा ढीग. त्यावर एरवीं पाय पुसण्याच्या कामीं येणारें जुनें गोणपाट. आणि गोणपाटावर चिखलाचा काला. आईकडून मागून आणलेली मूठभर मोहरी किंवा आळीव त्यावर पेरले, कीं थोड्याच दिवसांत डोंगर हिरवा होई. डब्याचें झांकण हें तळें, आगपेटीचें खोकें हा दरवाजा. कसबा पेठेंतल्या कुंभारवाड्यांतून येत ते महाराज आणि मावळे. म्हणजे जें मुलांच्या हातून होण्याजोगें नव्हतें तेवढेंच विकत. बाकी सारा गड घरानें टाकलेल्या वस्तूंतून उभा राही आणि दिवाळी सरल्यावर पुन्हा मातींत जाई.

या खटपटींत मूल शिके काय? राजगडाच्या बालेकिल्ल्याभोंवतीं पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी अशा तीन माच्या आहेत, हें वाक्य पुस्तकांत वाचणें वेगळें. आणि दोन माच्या रचून झाल्यावर तिसरीला जागाच उरली नाहीं, म्हणून सगळ्या विटा उपसून पुन्हा मांडणें वेगळें. पहिलें ज्ञान परीक्षेपर्यंत टिकतें, दुसरें जन्मभर. २०२५ सालीं युनेस्कोनें मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत हा राजगडही आहे. त्या वार्तेनें आपणां सर्वांची छाती फुगली, आणि तें योग्यच झालें. परंतु ज्या पिढीनें एकही तट स्वतःच्या हातानें लिंपला नाहीं, तिला वारसा म्हणजे सहलीचें एक ठिकाण, याहून अधिक काय वाटणार?

यावर कोणी म्हणेल, किल्ला मागें पडला तरी शाळांतून 'टाकाऊपासून टिकाऊ' आहेच कीं! आहे खरें, आणि दुसरा रोग तेथेंच आहे. सुटी लागण्यापूर्वीं घरोघरीं फर्मान येतें, कीं टाकाऊ वस्तूंपासून आकाशकंदील किंवा शोभेची वस्तू करून आणावी. लगेच पालक बाजार गांठतात. आईस्क्रीमच्या कोऱ्या काड्यांचा जुडगा, न वापरलेले कागदी पेले, चमकीच्या पुड्या, रंगीत डिंकाच्या नळ्या अशी खरेदी होते. टाकाऊ वस्तू विकत आणण्यासाठीं पिशवी घेऊन बाहेर पडणारा असा समाज पूर्वीं झाला नसेल! मग रात्रीं अकरा वाजतां मूल झोंपीं गेलेलें असतें, आई डिंक लावीत असते आणि वडील कात्री चालवीत असतात. दुसऱ्या दिवशीं त्या वस्तूला गुण मिळतात. ते कोणाला मिळाले, हें गुण देणारे जाणतात, घेणारे जाणतात, आणि मूल तर सर्वांच्या आधीं जाणतें.

दुसऱ्यांना बोल लावण्यापूर्वीं आम्हीं आपला अपराध सांगावा हें बरें. आमच्या सहा वर्षांच्या नातवानें एका दिवाळींत जोड्यांच्या रिकाम्या खोक्याचा कंदील केला. भोंकें वेडींवांकडीं, जुन्या लग्नपत्रिकांच्या शेपट्या एक लांब तर एक आंखूड. तो निजल्यावर आमच्यांतल्या टापटिपीला राहवलें नाहीं. आम्हीं शेपट्या सारख्या कापल्या आणि भोंकांना नीट चौकटी बसविल्या. सकाळीं फराळाला आलेल्या पाहुण्यांनीं कंदिलाची वाखाणणी केली, तेव्हां पोर शांतपणें म्हणालें, "मीं नाहीं केला. आजोबांनीं केला." त्याच्या आवाजांत तक्रार नव्हती, म्हणूनच तें वाक्य अधिक लागलें. पुढें तो कंदील उतरेपर्यंत त्यानें एकदांही मान वर करून त्याकडे पाहिलें नाहीं. आम्हीं कंदील सुधारला आणि कंदील करणारा घालविला.

आतां आक्षेपांचा विचार करूं. वाडे गेले, अंगणें गेलीं, सदनिकेच्या चवथ्या मजल्यावर माती कोठून आणावी? आईबाप दोघेंही नोकरी करतात, त्यांनीं वेळ कोठून काढावा? हे प्रश्न खोटे नाहींत. परंतु गॅलरींतल्या एका जुन्या परातींत, भिजविलेल्या वर्तमानपत्रांच्या लगद्याचा आणि खोक्यांचा गड सहज मावतो. साधनांच्या उणिवेची सबब तर निदान पुणेकरांनीं सांगूं नये. अरविंद गुप्ता यांचें 'मॅचस्टिक मॉडेल्स' हें पुस्तक १९८७ सालीं निघालें. त्यांतली मूळ सामग्री म्हणजे आगपेटींतल्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी! आयआयटीचा हा अभियंता पुढें पुणें विद्यापीठाच्या आवारांतील आयुकाच्या मुलांसाठीं असलेल्या विज्ञानकेंद्रांत अनेक वर्षें कचऱ्यांतून खेळणीं करून दाखवीत राहिला, आणि २०१८ सालीं त्याला पद्मश्री मिळाली. वेळेचें म्हणाल, तर मुलाच्या जागीं बसून काम उरकण्यास जितका वेळ लागतो, त्याहून त्याच्या शेजारीं स्वस्थ बसण्यास अधिक लागत नाहीं. लागतो तो संयम. सुरी चालविणें, पत्र्याला भोंक पाडणें, दिव्याची तार जोडणें, एवढें मोठ्यांनीं करावें. बाकी वांकडें होईल तें वांकडें राहूं द्यावें.

आणखी एक गोष्ट विसरूं नये. घरांतून बाहेर पडलेला कागद आणि पुठ्ठा कोणाच्या तरी हातांतून जातो. १९९३ सालीं पुण्यांतल्या कचरा वेंचणाऱ्या श्रमिकांनीं 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' स्थापन केली. रद्दी निवडून विकणें हाच त्यांचा चरितार्थ. साधा पुठ्ठा त्यांच्या कामाचा असतो. त्यावर चमकी, थर्मोकोल आणि प्लास्टिकचा पापुद्रा घट्ट चिकटविला, कीं तो कोणाच्याच कामाचा राहत नाहीं. सजावटीच्या थर्मोकोलवर महाराष्ट्र शासनानें २०१८ सालींच बंदी घातली. पण ज्या पुठ्ठ्याची रद्दी झाली असती त्याचा निव्वळ कचरा करून त्याला 'टिकाऊ' म्हणणाऱ्या बुद्धीवर कोणतें शासन बंदी घालणार? जुना किल्ला या कसोटीलाही उतरत असे. त्याची माती पुन्हा कुंडींत जाई, विटा पुन्हा कोपऱ्यांत आणि गोणपाट पुन्हा दाराशीं.

म्हणून शिक्षकांस आमची विनंती आहे, कीं सुबक वस्तूला गुण देणें थांबवावें, आणि ही वस्तू तूं कशी केलीस, एवढेंच मुलाला विचारावें; उत्तर देतां आलें तर वस्तू त्याची. पालकांस विनंती अशी, कीं यंदा रस्त्याच्या कडेचा तो रंगीत गड पाहून खिशांत हात घालण्यापूर्वीं घरच्या रद्दीचा कोपरा एकदां मुलाच्या स्वाधीन करून पाहावा. त्याचा बुरूज एका अंगाला कलेल, मावळा तटाहून उंच दिसेल, आणि शेजारच्या विकतच्या किल्ल्यापुढें तो गबाळा वाटेल. वाटूं द्यावा. दाराशीं आलेल्या प्रत्येकाला हात धरून तो गड दाखवावयास मूल धांवेल, तेव्हां त्या गबाळेपणाची किंमत आपल्यास कळेल. विकतच्या किल्ल्यापाशीं कोणीही मूल असें धांवत नाहीं.