नरसीचा शिंपी आणि ईदची शिलाई

रमजानचे शेवटचे दहा दिवस लागले की हिंगोलीतल्या शिंप्यांच्या दुकानांतला दिवा सेहरीपर्यंत विझत नाही. तरावीह आटोपून कारागीर पुन्हा मशिनवर बसतात. काज-बटण, तुरपाई, इस्त्री, आणि घटकेघटकेला दारात कोणीतरी उभे, "झाला का कुर्ता?" तयार कपड्यांच्या बाजाराने वर्षभर पळवलेले गिऱ्हाईक या दिवसांत तेवढे परतते.

खरे तर या जिल्ह्याला शिंप्याची आठवण काढायला निमित्त लागू नये. कयाधूकाठच्या नरसीचे नामदेव, जन्म १२७०, घर दामाशेटी शिंप्याचे. संत म्हणून त्यांच्याविषयी पुष्कळ बोलले जाते. औंढ्याला विसोबा खेचरांकडून मिळालेला बोध, पंजाबात घुमानपर्यंतची वाटचाल, गुरू ग्रंथ साहिबातली त्यांची ६१ पदे. त्यांतल्या एका पदात तर ईश्वराला करीम, रहीम, अल्लाह अशी हाक आहे. पण कारागीर नामदेव मागेच राहतात. गज, कात्री, सुई, दोरा ही घरची हत्यारे त्यांच्या पदांत आली आहेत. देवाशी बोलायला त्यांना दुकानाबाहेरची भाषा शोधावी लागली नाही.

घर तर त्याहून बोलके. आई गोणाई, पत्नी राजाई, मुले नारा, विठा, गोंदा, महादा, मुलगी लिंबाई, आणि घरकाम करणारी जनाबाई. यांतल्या बहुतेकांच्या नावावर परंपरेने अभंग आहेत. गोणाई-राजाईंच्या नावच्या अभंगांत चक्क नामदेवांची तक्रार आहे: विठ्ठलापायी शिवणकाम बुडाले, संसाराकडे लक्ष नाही. ही कुरकुर कोणी पुसली नाही, वारकऱ्यांनी ती जपली. 'आदर्श कुटुंबवत्सल' अशी शाल पांघरण्यापेक्षा नामदेवांचा मोठेपणा इथे जास्त दिसतो. बायकोला उघड रागावता येते आणि दासीला कवी होता येते, अशी घरे आजही मोजावीच लागतील.

मुस्लिम शिंपी आपला धागा हजरत इदरीस यांच्याशी जोडतात. शिवणकलेची सुरुवात त्यांनी केली असे परंपरा मानते. पैगंबर हजरत मुहंमद (स.) आपले कपडे स्वतः शिवत-सांधत, असे हजरत आयेशांनी सांगितल्याचे हदीसमध्ये आहे. मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी द्या, ही हदीस तर कुणालाही ठाऊक असते.

आणि तरी चाँदरातीला घासाघीस होते ती शिलाईवरूनच. भारी कापड घेताना चकार शब्द न काढणाऱ्याच्या कपाळाला शिलाईचा आकडा ऐकताच आठ्या पडतात. "ईदनंतर देतो" म्हणून जोड उचलला जातो, मग महिना उलटतो. हाच माणूस जकातीचा हिशेब पै-पैचा ठेवतो! जकात फर्जच आहे, पण शिंप्याची मजुरी हे काही दान नव्हे, ते देणे आहे. दिवाळीत, लग्नसराईत हेच चालते, गिऱ्हाईकाचे नाव तेवढे बदलते. नामदेवांच्या दिंडीत पुढे टाळ धरणारेही यातून सुटलेले नाहीत.

शिंप्याच्या स्वतःच्या पोरांचे कपडे बहुधा सगळ्यांत शेवटी शिवून होतात, कधी ईदच्या फजरची अजान होता होता. निदान त्याच्या आधी तरी शिलाई चुकती व्हावी. मागच्या दिवाळीची बाकी असेल तर तीही.