केसपेपरवर कारणही लिहा

आपल्या घरात बीपीचा केसपेपर प्लास्टिकच्या पिशवीत, गादीखाली जपून ठेवलेला असतो. त्यावर काय लिहिले आहे, हे आपण क्वचितच वाचतो. आता ते संगणक वाचू लागला आहे.

डॉक्टरांनी वाक्यांत लिहिलेल्या नोंदींतून आजार हुडकण्याचे तंत्र निघाले आहे. २०१४ साली अमेरिकेत २९६ मधुमेही रुग्णांच्या १,३०४ नोंदी संशोधकांना दिल्या गेल्या. त्यांतून उच्च रक्तदाब, धूम्रपान यांसारखे हृदयविकाराचे धोके संगणकाने ओळखायचे होते. 'बीपी आहे', 'बीपी नाही' आणि 'आईला बीपी होता' यांतला फरक यंत्राला शिकवावा लागतो. ते जमले तर फायदा मोठा आहे. आकडा वारंवार १४०/९० च्या वर गेलेला, पण औषध सुरूच न झालेला माणूस फायलींच्या ढिगातून सापडेल. बीपी बहुधा दुखत-खुपत नाही, म्हणून तो स्वतःहून येत नाही.

आमची हरकत यंत्राला नाही, त्याला वाचायला मिळणाऱ्या शब्दांना आहे. शिकागोतल्या १८,४५९ रुग्णांच्या चाळीस हजारांवर नोंदी अशाच पद्धतीने तपासल्या गेल्या. २०२२ साली निष्कर्ष आला : 'सांगितलेले पाळत नाही', 'नकार दिला' अशा धाटणीचा शेरा काळ्या रुग्णांच्या नोंदीत असण्याची शक्यता गोऱ्यांच्या सुमारे अडीचपट होती.

हे वाचून आम्हाला आपली वस्ती आठवली. 'गोळ्या नियमित घेत नाही' एवढेच केसपेपरवर येते. दवाखान्यात गोळ्या संपल्या होत्या, रांगेत थांबले तर रोजी बुडते, हे कोण लिहितो? आता आभा क्रमांकाने नोंदी जोडल्या जात आहेत. उद्या असा शेरा आपल्या आधी पुढच्या डॉक्टरांकडे पोहोचेल, आणि यंत्र तोच खरा मानेल.

म्हणून यंत्र आणण्याआधी केसपेपरवर कारणाला जागा द्या, ही आमची मागणी आहे. आपणही दर खेपेला बीपीचा आकडा तारखेसह लिहून घ्यावा. गोळी चुकली तर का चुकली ते सांगावे आणि 'डॉक्टर, हेही लिहा' असे म्हणावे. घरातल्या शिकलेल्या मुलीकडून केसपेपर वाचून घ्यावा. गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नये.

आपल्याविषयी काय लिहिले जाते, ते यंत्राच्या आधी आपण वाचले पाहिजे.