तुटेल, पण पडणार नाही!

पुढच्या मीटिंगमध्ये प्रेझेंटेशन कंटाळवाणं झालं, की समोरच्यांच्या मनगटांकडे जरा बघा. स्मार्टवॉचचे रबरी पट्टे असतील, बॉसचा स्टीलचा पट्टा असेल आणि एखाद्याच्या हातावर चक्क कापडी पट्टा दिसेल. राखाडी, खाकी किंवा काळ्यावर करड्या रेघांचा. टोक मुडपून परत आत खोचलेलं. शाळेच्या दप्तराचा बंद कापून घड्याळाला लावल्यासारखा! याला दुकानदार ‘नाटो स्ट्रॅप’ म्हणतात, आणि मी त्याची पक्की फॅन आहे.

पहिला घोळ नावातच आहे. हा पट्टा नाटोनं काढलेला नाही, तो मूळचा ब्रिटिश. ३० नोव्हेंबर १९७३ या तारखेला ब्रिटनच्या संरक्षण खात्यानं ‘डिफेन्स स्टँडर्ड ६६-१५’ नावाचा एक कागद काढला. विषय : मनगटी घड्याळाचा पट्टा. कापड नायलॉनचं. रंग एकच, अॅडमिरल्टी ग्रे, म्हणजे आपला राखाडी. रुंदी २० मिलिमीटर, लांबी २८०. बक्कल आणि कड्या पितळेच्या, वर क्रोमचा मुलामा. सैनिकाला पट्टा हवा असेल तर जी १०९८ नंबरचा फॉर्म भरायचा आणि स्टोअरमधून घेऊन यायचा. म्हणून त्याचं फौजेतलं नाव ‘जी टेन’. नाटो देशांच्या लष्करी सामानाला १३ आकडी स्टॉक नंबर असतो, तो यालाही होता. त्यावरून बाजारात ‘नाटो’ हे नाव चिकटलं, झालं! थोडक्यात काय, तर आज जी गोष्ट स्टाईल म्हणून मिरवतात, ती जन्मली तेव्हा ऑफिसातल्या स्टेपलरइतकीच ग्लॅमरस होती.

मग एवढं काय आहे तिच्यात? तर तिचा फंडा.

आपला नेहमीचा पट्टा दोन तुकड्यांचा असतो. प्रत्येक तुकडा एका बारीक स्प्रिंगच्या पिनवर अडकलेला. तुमचं घड्याळ पाचशेचं असो की पाच लाखांचं, ते हातावर राहतं ते या दोन पिनांच्या भरवशावर. त्यातली एक निसटली की पट्टा सुटला, घड्याळ खाली! ब्रिटिश सैन्यानं यावर रामबाण उपाय केला होता. बऱ्याच लष्करी घड्याळांना पिनच नसायची, तिथे दांडी कायमची पक्की बसवलेली. सत्तरच्या दशकात ब्रिटिश सैन्यातल्या पाणबुड्यांना दिलेल्या रोलेक्स सबमरिनरनाही अशाच दांड्या होत्या. त्यात नेहमीचा पट्टा बसणारच नाही. तिथे नाडी ओवावी तसा सलग पट्टा ओवावा लागतो.

नाटो पट्टा नेमका हाच. एकच लांब पट्टी, पहिल्या दांडीखालून, घड्याळाच्या पाठीमागून, दुसऱ्या दांडीखालून पार. बक्कलपाशी एक छोटी जास्तीची पट्टी असते, टोकाला कडी असलेली. लांब पट्टी त्या कडीतून जाते, त्यामुळे घड्याळ इकडेतिकडे सरकत नाही. आता हाच पट्टा आपल्या साध्या पिनवाल्या घड्याळाला लावा. एक पिन तुटली तरी घड्याळ दुसरीवर लटकून राहतं. तुटेल, पण पडणार नाही!

माझ्या टीममधल्या एका मुलीनं पहिल्या पगारातून घेतलेलं घड्याळ दादरच्या पुलावर, संध्याकाळच्या गर्दीत गेलं. पिन निसटली आणि तिला कळलं ते थेट ट्रेनमध्ये चढल्यावर. नवीन घेता आलं असतं, घेतलंही तिनं. पण पहिल्या पगाराचं घड्याळ आयुष्यात एकदाच घेता येतं ना, राव. आपल्या बहुतेक वस्तू ‘काही बिघडणारच नाही’ अशा थाटात विकल्या जातात. हा राखाडी पट्टा मात्र बिघाड पचवायची सोय करून ठेवतो. मला त्याचं आकर्षण आहे ते यामुळे. फौजी लूक हा बोनस!

लूकवरून जेम्स बॉण्ड आलाच. १९६४च्या ‘गोल्डफिंगर’मध्ये शॉन कॉनरी पाण्यातून बाहेर येतो, डायव्हिंग सूट काढतो, तर आत पांढरं डिनर जॅकेट! मग लायटरच्या उजेडात घड्याळ बघतो. रोलेक्स सबमरिनर, आणि तिला रेघारेघांचा नायलॉनचा पट्टा. तोही इतका अरुंद की बाजूची पिन उघडी दिसते. फौजेचा तो कागद यायला तेव्हा नऊ वर्षं बाकी होती, त्यामुळे हा ‘नाटो’ नव्हेच. पण रेघांची फॅशन इथून वाढली. २०१५च्या ‘स्पेक्टर’मध्ये डॅनियल क्रेगनं ओमेगा सीमास्टर ३०० ला काळा-करडा पट्टा लावला आणि स्टोअरमधली वस्तू शोरूमच्या काचेत जाऊन बसली. आता मोठ्या ब्रँडच्या एका नायलॉन पट्ट्याच्या पैशात एक बरं घड्याळ येतं. बॉस, तेवढं मात्र करू नका. काही शेकड्यांत मिळणारा पट्टाही तेच काम करतो.

घ्यायचाच असेल तर तीन गोष्टी बघा. एक, मापं. पट्टा बसतो त्या खाचेची रुंदी मोजून जा. बहुधा १८, २० किंवा २२ मिलिमीटर निघेल. दोन, जाडी. घड्याळाखाली कापडाचे दोन थर येतात, त्यामुळे ते थोडं उंच बसतं. मुळात जाड घड्याळ असेल तर शर्टाच्या कफमध्ये अडकणार. मागची काच असलेलं, आतली चक्रं दाखवणारं घड्याळ असेल तर ती मजाही झाकली जाते. तीन, लांबी. मनगट माझ्यासारखं बारीक असेल तर आखूड पट्टा मागा, नाहीतर खोचलेलं टोक कानासारखं बाहेर येतं.

आणि पावसाळा! चार महिने चामड्याचा पट्टा भिजतो, वास मारतो, त्याला बुरशी धरते. नायलॉन कुजत नाही. घरी आल्यावर साबणाच्या पाण्यातून काढायचा, पंख्याखाली टाकायचा, सकाळी तयार.

म्हणूनच सांगते, कपाटात बघा. वडिलांचं, आजोबांचं एखादं एचएमटी पट्टा तुटला म्हणून पडलेलं असेल. एचएमटी वॉचेस बंद करायचा निर्णय केंद्र सरकारनं २०१६ मध्ये घेतला, पण घरोघरची ती घड्याळं किल्ली दिली की अजून चालतात. माझ्या बाबांच्या एचएमटीला १८चा राखाडी पट्टा बसला. ‘लोकलमध्ये पडेल गं’ म्हणून ते कधी मला घालू देत नव्हते. आता स्वतःच विचारतात, ‘आज घातलं नाहीस?’