बाळ मान धरत नाही तेव्हा…

निगडी प्राधिकरणातल्या एका वाचक भगिनीनं विचारलंय : "वहिनीचं बाळ पाच महिन्यांचं झालं तरी मान धरत नाही, पायही झाडत नाही. हसतं मात्र गोड. घरात म्हणतात, वहिनीनं ग्रहण पाळलं नाही, त्याचं हे फळ. काय करावं?"

भगिनी, ग्रहण राहू द्या बाजूला. बाळाला याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांना दाखवा. पिंपरीचं महापालिकेचं यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय तुम्हांला जवळ आहे. मान उशिरा धरण्याची कारणं पुष्कळ असतात. पण हातपाय लुळे, रडणं क्षीण, दूध ओढताना दमणूक, श्वास घेताना पोट वर आणि छाती आत, आणि नजर मात्र चलाख, असं असेल तर 'स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी'ची शंका घ्यावी लागते.

हा आजार काय आहे? स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशी मज्जारज्जूत असतात. त्या एकेक करून मरतात. हुकूमच येत नाही, म्हणून स्नायू वाळतात. बुद्धी मात्र शाबूत राहते. मालीश किंवा गुटी वाढवून हे थांबत नाही. रक्ताच्या जनुकीय तपासणीनं निदान होतं.

2021 साली आपल्या पिंपरी-चिंचवडमधल्याच एका चिमुरडीला लोकवर्गणीतून सोळा कोटींचं इंजेक्शन मिळालं. तरीही ती गेली. मेलेल्या पेशी परत येत नाहीत, औषध उरलेल्या वाचवतं. म्हणून इथं एकेक दिवस मोलाचा. तोंडानं द्यायचं 'रिस्डिप्लाम' 2025पासून भारतातही तयार होऊ लागलं आहे, मूळ औषधापेक्षा पुष्कळ स्वस्त. डॉक्टरांना जरूर विचारा.

तोवर दूध थोडं थोडं, घाई न करता पाजा. ठसका लागला की थांबा. श्वासाला त्रास दिसला तर वाट न पाहता दवाखाना गाठा.

आता सासूबाईंसाठी. हा दोष बहुधा आई आणि वडील, दोघांकडून निम्मा निम्मा येतो. दोघंही स्वतः धडधाकट असतात. अशा जोडप्याच्या दर गरोदरपणात चारांत एक बाळ आजारी असण्याचा संभव असतो. निदान पक्कं झालं तर पुढच्या खेपेस दिवस राहण्याआधीच सल्ला घ्यावा; अकराव्या-बाराव्या आठवड्यापासून गर्भाची तपासणी होऊ शकते.

आणि वहिनीबरोबर दवाखान्यात दादांनाही जाऊ द्या हं. डॉक्टरांचं बोलणं दोघांच्या कानांवर पडलं, की घरातली निम्मी कुजबुज आपोआप थांबेल.