वितळतारेच्या जागी तांब्याची तार

मोताळ्याहून एक रस्ता राजूर घाट चढून बुलढाण्यास जातो, तर दुसरा मलकापूरजवळ सुरत-नागपूर राष्ट्रीय महामार्गास मिळतो. कापसाच्या हंगामात या वाटांवर रात्री-अपरात्री मालमोटारी धावतात. त्यांत दोन-तीन मालकांच्या हातांतून गेलेल्या जुन्या गाड्याही असतात. अशा गाडीचा मालक बहुधा स्वतःच तिचा चालक असतो आणि दिवे, हॉर्न, सेल्फ यांची दुरुस्तीही तोच करतो. पक्कड, टेप आणि टेस्ट लॅम्प एवढीच त्याची सामग्री. हे काम जाणकार कारागिरानेच करावे, असा उपदेश करणे सोपे आहे. परंतु घाटात मध्यरात्री दिवा विझला म्हणजे कारागीर कोठून आणावयाचा, याचे उत्तर उपदेशकांपाशी नसते.

म्हणून या हातकौशल्यास नावे ठेवण्यात अर्थ नाही. कारभाऱ्याच्या अंगी ते आले ते गरजेतून. उणीव आहे ती त्यामागील शास्त्राची, आणि ती उणीव महाग पडते.

एक साधा हिशेब पाहावा. जुन्या गाडीत दिव्यापर्यंत एकच तार जाते. विद्युतधारा परत येते ती गाडीच्या लोखंडी सांगाड्यातून. हा अर्थिंगचा सांधा गंजला आणि तेथे केवळ ०.२ ओहम रोध निर्माण झाला, असे समजू. बारा व्होल्टवर चालणारा ६० वॉटचा दिवा ५ अँपिअर धारा घेतो. म्हणजे त्या सांध्यावरच सुमारे एक व्होल्ट खर्ची पडतो, आणि दिव्याचा प्रकाश जवळजवळ एक चतुर्थांशाने घटतो. दोष गंजाचा असतो, पण संशय येतो बल्बवर. मालक १०० वॉटचा बल्ब बसवितो. दोन दिव्यांची धारा आता १६ अँपिअरच्या वर जाते, जुनी तार व स्विच तापतात आणि फ्यूज उडतो. मग फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळली जाते. दिवे लागतात, गाडी निघते.

अनर्थाची तयारी येथे पुरी होते. फ्यूज, म्हणजे पाठ्यपुस्तकातील वितळतार, स्वतः जळून गाडीस वाचविण्यासाठीच असतो. त्याच्या जागी तांबे आले की शॉर्ट सर्किटच्या वेळी बॅटरीतून शेकडो अँपिअर वाहू शकतात. मग फ्यूजऐवजी वायरचे आवरण पेटते. पाठीमागे कापूस भरलेला असताना एवढी ठिणगी पुरते. मागचे लाल दिवे बंद राहिले तर धोका एकट्या मालकाचा राहत नाही. अंधारात मागून येणाऱ्या मोटारसायकलस्वाराचाही होतो.

खरा उपाय मोठ्या बल्बाइतका सोपा वाटत नाही, पण तो स्वस्त आहे. काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीची ऋण तार सोडावी. अर्थिंगचा सांधा घासून स्वच्छ करून घट्ट आवळावा. धारेला पुरेल अशा जाडीची तार आणि दिव्यांसाठी रिले वापरावा. फ्यूज ठरलेल्याच अँपिअरचा बसवावा आणि तो पुन्हा उडाला तर मोठा न घालता दोष शोधावा. स्वदुरुस्तीची मर्यादाही ओळखली पाहिजे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके आली. त्या गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेत टेस्ट लॅम्प खुपसणे म्हणजे नुकसान ओढवून घेणे होय.

आठ वर्षांहून जुन्या मालवाहू वाहनास दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. पंधरा वर्षांहून जुन्या वाहनांचे त्यासाठीचे शुल्क एप्रिल २०२२ पासून पुष्कळ वाढले. एवढे पैसे मोजणाऱ्यास केवळ शिक्का मिळून भागत नाही. तपासणीत दिवे लागतात की नाही एवढेच न पाहता फ्यूजची पेटी उघडून पाहिली जावी आणि दोष मालकास समजावून सांगितला जावा. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून वायरमन व मोटार मेकॅनिक घडविले जातात. त्याच कार्यशाळांत हंगाम नसताना चालक-मालकांसाठी चार दिवसांचे वर्ग भरविण्यास मोठा खर्च येणार नाही.

शिक्षकांचाही यात वाटा आहे. ओहमचा नियम माध्यमिक शाळेत शिकविला जातो, गुणांसाठी पाठ होतो आणि परीक्षेनंतर विसरला जातो. हाच नियम एक बॅटरी, एक बल्ब आणि एक गंजलेला सांधा घेऊन वर्गात दाखविला तर तो जन्मभर लक्षात राहील. त्या वर्गात बसलेल्या एखाद्या मुलाच्या वडिलांची मालमोटार त्याच रात्री राजूर घाट उतरणार असेल. वितळतार कशासाठी असते, हे त्या मुलाने घरी जाऊन सांगितले, तरी विज्ञानाच्या तासाचे चीज झाले.