पांढरीखालचे वर्धा

पवनारला जाऊन आलेला साहित्याचा विद्यार्थी सहसा दोनच नावे घेऊन परततो: विनोबा आणि प्रवरसेन. धाम नदीकाठचे हे गाव म्हणजेच वाकाटकांची राजधानी प्रवरपूर, असे वा. वि. मिराशी यांनी मांडले. ते सर्वांना पटले नाही, हा भाग वेगळा. परंतु ‘सेतुबंध’ हे महाराष्ट्री प्राकृतातील महाकाव्य ज्याच्या नावावर आहे तो दुसरा प्रवरसेन आपल्या जिल्ह्यातला, एवढ्यावर आम्ही तृप्त असतो. या तृप्तीविषयीच आमची तक्रार आहे.

१९६७ साली नागपूर विद्यापीठातर्फे शां. भा. देव आणि म. के. ढवळीकर यांनी पवनारला उत्खनन केले, तेव्हा वाकाटकांच्या थरांखाली त्याहून जुनी वस्ती लागली. जिल्ह्यातच खैरवाड्याला शिलावर्तुळे आहेत. ओबडधोबड दगडांचे कडे, आत दगडमातीचा भराव आणि त्याखाली लोहयुगातील, इ. स. पूर्व पहिल्या सहस्रकातील माणसांची दफने, असे विदर्भातील या वर्तुळांचे स्वरूप. शेजारच्या नागपूर जिल्ह्यात माहुरझरीला घोड्याच्या मुखावर चढवायचे तांब्याचे अलंकार मिळाले, तर नायकुंडला लोखंड गाळण्याची भट्टीच सापडली.

वर्तुळे दिसतात, वस्ती दिसत नाही. टाकळघाटला घरे आणि जवळच खापा येथे दफने, अशी जोडी हाती लागणे विरळाच. थडगे हे ठरवून रचलेले असते, त्याला काव्याची शिस्त असते. चूल, राख, फुटके खापर हे त्या समाजाचे गद्य. ते गावाच्या पांढरीत दडलेले असते, आणि पांढरीची माती पिकाला मानवते म्हणून गाड्या भरभरून शेतात जाते. शेतकऱ्याला दोष देण्याचा आमचा इरादा नाही. त्याला ती माती काय आहे हे सांगायला कोण गेले होते?

भूमध्य समुद्रातील सार्डिनिया बेटावर कांस्ययुगात बांधलेले ‘नुरागे’ नावाचे हजारो दगडी बुरूज आहेत. ते बांधणाऱ्यांचे साहित्यही आपल्यापर्यंत आलेले नाही. तरी बारुमिनीचा नुरागे १९९७ पासून जागतिक वारसा आहे आणि त्या बेटाची ओळखच या बुरुजांवरून होते. आमच्याकडे मात्र इतिहास अक्षरापासून सुरू होतो. विदर्भातील लोकपरंपरेने ही वर्तुळे जुन्या गवळ्यांची म्हणून सांगितली. ती गोष्ट इंग्रज अधिकाऱ्यांनी टिपली. मराठीच्या वर्गात ती क्वचितच पोहोचली.

पवनारला सहल नेणाऱ्या प्राध्यापकांनी एकदा गाडी खैरवाड्याकडेही वळवावी. वर्तुळे असलेल्या त्या शेताला गावकरी काय म्हणतात, एवढे तरी विद्यार्थ्यांना वहीत उतरवून घेऊ द्यावे.